बावीवरची तुळस

सासूबाईंना सकाळी संडासला न्यायचं काम माझं. तशी वाटणी कोणी केली नव्हती. पण नवरा पडला त्यांचा मुलगा, बायकांच्या संडासात त्याने कसं न्यायचं? आणि माझा मुलगा लग्न झाल्यावर विरारच्या पुढे राहायला गेला, तिकडे फ्लॅट परवडला म्हणून. मग उरलं कोण? मीच.

काशीगावातल्या आमच्या आळीतून निघायचं, बाइकवाले चुकवत सार्वजनिक संडासापर्यंत जायचं. एका हातात बादली, दुसऱ्या हातात आईंचा दंड. त्यांचे गुडघे पार गेलेले. पायऱ्या चढताना त्या माझा खांदा असा दाबून धरायच्या की दुपारपर्यंत ठणकायचा. रांगेतल्या बायका म्हणायच्या, "मौसी, आरामसे, आरामसे." आई तोंडावर पदर घ्यायच्या. उभी हयात हायवेला बसून मोठ्या आवाजात भाजी विकलेली ही बाई, तिला तिथे मान वर करवत नव्हती. मला ते बघवायचं नाही. आणि खरं सांगते, मला कंटाळाही आला होता. माणसाला दोन्ही एकाच वेळी वाटतं.

मग कळलं की कमी उत्पन्नवाल्यांना घरात संडास आणि सेप्टिक टँक बांधायला सरकारी पैसे मिळतायत. नवरा वॉचमन, त्यामुळे कमी उत्पन्नात आम्ही अगदी आरामात बसत होतो, त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागले नाहीत. गटाराची लाइन आमच्या आळीत आलेलीच नाही, तेव्हा टाकी खणायलाच हवी. अर्ज केला. तपासणीला ऑफिसातले साहेब आले. अंगण बघितलं, आणि अंगणातली बाव बघितली. बाव म्हणजे विहीर, आमच्याकडे बावच म्हणतात.

"ताई, टाकी आणि विहीर एवढ्या जवळ नाही चालत," साहेब म्हणाले. "टाकीतलं झिरपून विहिरीत उतरणार, तेच तुम्ही पिणार. आजारी पडाल सगळे."

माणूस चुकीचं बोलत नव्हता, हाच तर वैताग. भांडायलाही जागा नाही.

"मग करू काय?"

"विहीर बंद असेल तर होऊन जाईल. बघा काय ते. मी परत येतो."

बाव बंद करायची कशी? आईंच्या सासऱ्यांनी खणलेली. आजूबाजूच्या सगळ्या बावी बिल्डिंगांखाली गेल्या, ही एकटी राहिली. घरात नळ आहे, पण आई पिणार बावीचंच. नळाच्या पाण्याला म्हणे चव न्हाय. शिवाय हळदीच्या दिवशी नवरा-नवरीच्या आंघोळीचं पाणी आमच्यात बावीवरनं वाजतगाजत नेतात. अख्ख्या आळीच्या लग्नांना पाणी आमचंच.

तेव्हा आम्ही डोकं लढवलं. बावीवर जाड प्लायवूड टाकलं, वर तुळशीची मोठी कुंडी ठेवली, भोवती रांगोळी काढली. झाली बाव बंद! कळशी, दोरी, सगळं पलंगाखाली सरकवलं. नवरा म्हणाला, "कोणाच्या बापाला कळणार नाही." मलाही तसंच वाटलं.

साहेब आले. तुळस बघून खूश झाले. म्हणाले, "व्वा, हे बरं केलंत." फोटो काढायला मोबाइल काढला, आणि तेवढ्यात आळीच्या तोंडाशी बेंजो वाजायला लागला. मागच्या घरात त्या दिवशी हळद! टाकीच्या नादात मी साफ विसरले होते. धवलारीण, म्हणजे धवले, लग्नातली पारंपरिक गाणी, गाणारी आमची म्हातारी, सगळ्यात पुढे, आणि मागे डोक्यावर कळश्या घेऊन नाचत येणाऱ्या बायका.

"अगो, ही तुलस हितं कोनी ठेवली?" धवलारीण ओरडली.

मी तिला डोळे मिचकावले, हळूच नळाकडे बोट दाखवलं. ती मोठ्याने म्हणाली, "काय गेलं गो तुज्या डोल्यात?" चौघींनी मिळून कुंडी उचलली, प्लायवूड सरकवलं, बावीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पाणी शेंदायला लागल्या. एकीने जाता जाता साहेबांच्या गालाला पण हळद लावली.

साहेब गाल पुसत म्हणाले, "ताई, बंद विहिरीची एवढी पूजा?"

त्यांनी मोबाइल खिशात टाकला. रागावले नाहीत, उलट जरा ओशाळल्यासारखे झाले. "मी काय लिहू, तुम्हीच सांगा," म्हणाले आणि गेले.

त्या रात्री मी सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. नवऱ्यावर, धवलारणीवर, सरकारवर, त्या मेल्या बेंजोवर. आई उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. सकाळी परत बादली, परत पायऱ्या.

असंच चालू राहिलं. मग एकदा त्या पायऱ्यांवर आई मटकन खाली बसल्या. उठता येईना. मी कमरेत वाकून त्यांना उचलायला गेले आणि माझाच गुडघा कटकन वाजला, अशी कळ आली की मीही त्यांच्या शेजारी बसले. ओल्या पायरीवर आम्ही दोघी, वरून बायका नाक दाबून जातायत. मला हसू पण येईना. शेवटी रांगेतल्या दोन बायकांनी आम्हाला धरून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता आई म्हणाल्या, "बाव बुजवा."

नवऱ्याच्या हातातली बशी तशीच राहिली. मी म्हटलं, "आई, उगाच रागात बोलू नका." त्या रागात नव्हत्या. त्यांनीच आळीत बायकांना सांगून धाडलं. धवलारीण आली. आईंना खुर्चीवर बसवून बावीपाशी नेलं. त्यांनी बावीची ओटी भरली, एक कळशी शेंदून घेतली आणि सगळ्यांना घोट घोट दिलं. बाहेर बाव बुजवायला मागवलेला डेब्रिजचा टेम्पो येऊन उभा होता, ड्रायव्हर सारखा हॉर्न देत होता.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, अजून विचार करा. तुम्ही पाणी दुसरं पीत नाही. मी नेते ना तुम्हाला. इतकी वर्षं नेलं, अजून नेईन. मी काय नाही म्हणतेय का?"

"माजं कशाला धरून बसलीस, बाय," त्या म्हणाल्या. "मला तू हायस. तुजे गुडगे गेले म्हंजे तुला कोन नेल?"

टेम्पोवाल्याने परत हॉर्न दिला. मी त्याच्यावर खेकसले, "थांब रे जरा! घाई कसली?" आणि तिथेच रडायला लागले.