लव्हाळ्याच्या वाटेवरचा साकव

तलावाकाठच्या सरकारी उद्यानात तीसहून अधिक वर्षं पायवाटा राखणाऱ्या माणसाला सगळे खिळेमामा म्हणत. त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम खिळे असायचे आणि कपडे धुताना ते बायकोच्या हाताला टोचायचे. नवरा नाही, हार्डवेअरचं दुकान पदरात पडलंय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

उद्यानात वाटा तीन. एक तलावाला पूर्ण वेढा घालणारी, सात किलोमीटरची. दुसरी टेकडीवर, तंबू ठोकायच्या माळाकडे जाणारी. तिसरी लव्हाळ्याची. ती सगळ्यांत छोटी, पण लोकांचा जीव तिच्यावरच, कारण ती दलदलीतून एका लांब लाकडी साकवावरून जायची आणि पाणपक्षी अगदी जवळून दिसायचे. वाढलेली झुडपं छाटायची, पाणी वाटेवर साचू नये म्हणून आडवे चर खणायचे, दगडांवरचे पिवळे बाण पुन्हा रंगवायचे, पडलेलं झाड करवतीने कापून बाजूला ओढायचं, ही खिळेमामाची कामं. आणि या सगळ्यात त्याच्या जोडीला लंबू.

लंबू नावाप्रमाणेच उंच. डोक्यावरच्या फांद्या तो कोयता न घेता हातानेच मोडायचा. लव्हाळ्याची वाट मुळात त्यानेच आखली होती. दोन वर्षं गुडघाभर चिखलात उभं राहून त्याने खुंट ठोकले, कुठे घरटी आहेत ते पाहून वाट वळवली. शाळांच्या सहली आल्या की तो ओठांवर बोट ठेवून पुढे चालायचा आणि चाळीस पोरं त्याच्यामागे चिडीचूप. दुपारी दोघं काठावरच्या सपाट खडकावर डबे उघडायचे. लंबूच्या बायकोला खिळेमामा वहिनी म्हणायचा आणि तिच्या हातच्या लोणच्यावर हक्क सांगायचा. वीस वर्षं असं चाललं.

मग तो आठवडा आला. गुरुवारी खिळेमामा एकटाच साकवावरून चालला होता, तेव्हा मधली एक फळी पायाखाली दबली. वाकून पाहिलं तर एका टोकाने पार कुजलेली. नियम असा की असं काही दिसलं की लगेच दोर बांधून वाट बंद करायची, कचेरीत कळवायचं आणि दुरुस्ती होईपर्यंत तिथून हलायचं नाही. पण शुक्रवारी खिळेमामाला अर्ध्या दिवसाची रजा हवी होती. मुलीच्या शाळेत धावण्याची शर्यत होती आणि गेल्या वर्षी तो गेला नाही म्हणून ती दोन दिवस बोलली नव्हती. कळवलं असतं तर रजा गेलीच असती. एक फळी काय, सोमवारी बदलू, असं त्याने स्वतःला समजावलं.

शुक्रवारी पाहणीच्या तक्त्यावर सही करायची पाळी लंबूची होती. निघता निघता खिळेमामाने त्याला सांगितलं, "लव्हाळ्याकडे जाऊ नकोस. मी काल बघून आलोय, सगळं ठीक आहे. सही करून टाक."

लंबूने सही केली. वीस वर्षांच्या जोडीदाराच्या शब्दावर कोण शंका घेतं?

मुलगी शर्यतीत दुसरी आली. खिळेमामाने कुंपणावर चढून शिट्ट्या मारल्या.

रविवारी साकवावर एका बाईंचा पाय त्या फळीतून खाली गेला. निवृत्त शिक्षिका होत्या, रोज फिरायला येणाऱ्या. मांडीचं हाड मोडलं. त्या पुन्हा काठीशिवाय चालल्या नाहीत.

सोमवारी चौकशी झाली. साहेबांनी तक्ता टेबलावर ठेवून विचारलं, ही सही कोणाची? लंबू म्हणाला, माझी. साकव पाहिला होता का?  लंबूने एकदाच खिळेमामाकडे पाहिलं. भिंतीपाशी उभ्या खिळेमामाने मान खाली घातली. मग लंबू म्हणाला, "नव्हता पाहिला. चूक झाली."

खिळेमामाने तोंडातून ब्र काढला नाही.  बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

लंबूला वाटांवरून काढलं आणि फाटकाशेजारी वाहनतळाच्या खोलीत बसवलं. काचेच्या खिडकीतून गाड्यांच्या पावत्या फाडून द्यायच्या, एवढंच काम. चिखलात उभं राहायला जन्मलेला तो माणूस अकरा वर्षं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. पाय त्या टेबलाखाली मावायचे नाहीत, तिरके ठेवावे लागायचे. डबा तो तिथेच खायचा. सुरुवातीला खिळेमामा खिडकीशी थांबून हवापाण्याचं बोलायचा. पुढे तेही जमेना. मग तो मागच्या दाराने यायला लागला. हत्यारांची खोली तिकडून जवळ पडते, असं सांगायचा. कोणी विचारलं नव्हतं तरी सांगायचा.

लंबूच्या निरोपसमारंभात सगळ्यांत जुना सहकारी म्हणून खिळेमामाला बोलायला उभं केलं. आज सांगायचंच, असं तो घरून ठरवून आला होता. उभा राहिला, घसा खाकरला आणि लंबू एकदा बदकांच्या मागे जाताना कसा कमरेएवढा रुतला आणि त्याला ओढून काढताना आपणही कसे आत पडलो, ते रंगवून सांगितलं. लोक पोट धरधरून हसले. लंबूही हसला. खिळेमामा खाली बसला. पुढच्या वर्षी तोही निवृत्त झाला.

मुलगी एव्हाना नोकरीला परगावी होती. सुटीत आली तेव्हा कपाट आवरताना तिला एक पदक सापडलं. "बाबा, हे कसलं हो? माझं आहे का?"

त्याने त्या शुक्रवारच्या शर्यतीचं सांगितलं. तिने आठवून पाहिलं, मग हसून म्हणाली, "मला तर ही शर्यत आठवतच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो लंबूच्या घरी गेला. दोन जिने चढून, दम लागलेला. वहिनींनी दार उघडलं, किती दिवसांनी भावजी, म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. लंबू खिडकीपाशी बसला होता. अंग सुटलं होतं, गुडघ्यांना पट्टे बांधलेले.

खिळेमामाने प्रस्तावना केली नाही. "फळी मी गुरुवारीच पाहिली होती. कुजलेली होती. तुला खोटं सांगितलं."

"माहीत आहे," लंबू म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच रविवारपासून. संध्याकाळी साकवावर गेलो होतो. बदलायच्या फळीवर तू खडूने फुली मारतोस, ते मला ठाऊक नव्हतं होय? उरलेल्या तुकड्यावर होती तुझी फुली. मीच पुसली."

 सोमवारी चौकशीच्या आधी खिळेमामाही ती फुली पुसायला गेला होता. ती तिथे नव्हती. लोकांच्या बुटांनी पुसली गेली असेल असं वाटून त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं. त्या दिवशी नाही तर दोन दिवसांनी, चार दिवसांनी. खिडकीशी यायचास तेव्हा दर वेळी वाटायचं, आज सांगेल." लंबूने गुडघ्यावरचा पट्टा सारखा केला. "मग तू मागच्या दाराने जायला लागलास. तेव्हा सोडून दिलं."

खिळेमामा म्हणाला, मी कचेरीला लिहून देतो, तुझ्या नावावरचा ठपका काढायला लावतो. लंबू म्हणाला, दे, तुला बरं वाटत असेल तर. मग खिळेमामाने भीतभीत विचारलं, एकदा लव्हाळ्याच्या वाटेवर जाऊन येऊ या का, हळूहळू, लागेल तेवढा वेळ घेऊन.

"हे दोन जिने उतरायला मला कठडा लागतो रे," लंबू म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर खिळेमामाला सोपं गेलं असतं.

त्याने लिहून दिलं. कचेरीतल्या नव्या बाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि सांगितलं की दोघंही निवृत्त आहेत, प्रकरण केव्हाच बंद झालंय. कागद मात्र ठेवून घेते, म्हणाल्या.

त्यानंतर खिळेमामा महिन्यातून एकदा लंबूकडे जातो. लंबू येऊ नकोस म्हणत नाही. पक्षी, तब्येत, तलावाचं पाणी किती उतरलंय, असं बोलणं होतं आणि संपतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात वहिनींनी सगळं ऐकलं होतं. इतकी वर्षं आपल्या नवऱ्याने चूक केली असंच त्या धरून चालल्या होत्या, त्यावरून त्याला टाकूनही बोलल्या होत्या. आता खिळेमामा आला की त्या बाहेर येत नाहीत. चहा आतच होतो. लंबू उठतो, एका हाताने भिंत धरत आत जातो आणि दुसऱ्या हातात कप घेऊन सावकाश येतो. थोडा चहा बशीत सांडलेला असतो. उठून कप त्याच्या हातातून घ्यावा असं खिळेमामाला दर वेळी वाटतं. पण लंबू मान हलवून त्याला बसायला सांगतो आणि तो बसून राहतो.