तळ्याचं दार

गेनूनाना मोकळ्या जमिनीवर तांब्याभर पाणी ओतायचे आणि उकिडवे बसून बघत राहायचे. पाणी कुठे वळतं हे कळल्याशिवाय आमच्या साखर कारखान्याच्या आवारात एकही ढीग पडत नसे, मग तो उसाच्या चोथ्याचा असो की रस गाळून उरलेल्या काळ्या गाळाचा. ट्रकवाले हॉर्न वाजवून थकायचे. "पाण्याला इचारल्याबिगर काय बी ठिवायचं न्हाई," एवढंच नाना म्हणायचे.

मी तिथे पर्यावरण विभागात रुजू झाले. विभाग म्हणजे मी एकटीच. पहिल्याच आठवड्यात, पावसाचं पाणी कुठून कसं न्यायचं याचा पुण्याहून आलेला नकाशा घेऊन मी ऐटीत आवारात गेले. नकाशातले बाण उत्तरेला धावत होते आणि नानांच्या तांब्यातलं पाणी निवांत दक्षिणेला निघालं होतं. मी नकाशा उलटा धरूनही पाहिला. नाना हसले नाहीत, ही त्यांची मेहरबानी. पुढची पाच वर्षं नकाशा फाइलीत राहिला आणि मी नानांच्या मागे हिंडले.

हंगाम संपला की तोडणीच्या टोळ्या जायच्या, भोंगा बंद व्हायचा, चहाची टपरीसुद्धा उठायची. मागे उरायचे ढीग, चार कुत्री आणि नाना. आणि पाऊस तर नेमका त्याच महिन्यांत. नाना चरांतला गाळ उपसत, ताडपत्र्यांना दगड बांधत दिवसभर एकटेच फिरत. मेंढपाळाच्या घरचा माणूस, ढिगांनाही मेंढरांसारखं दटावायचा, "गप पड, भिजशील." मला आधी मजा वाटायची. नंतर लक्षात आलं, दिवसभरात बोलायला त्यांना दुसरं कुणी नसायचंच.

खरं तर त्यांचं गाव ओढ्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर होतं. थोरले भाऊ, भावजय, भरलं घर. पण नाना कारखान्याच्या खोलीत एकटे भाकरी थापायचे. कारण जुन्या कामगारांकडून कळलं. मी येण्यापूर्वी एका पावसाळ्यात आवारातलं घाण पाणी अडवणारं तळं तुडुंब भरलं, साहेबांनी त्याचं ओढ्याकडचं दार उघडायला सांगितलं आणि नानांनी उघडलं. तळ्यातलं काळं, आंबूस पाणी ओढ्यात गेलं. ते पिऊन गावातली मेंढरं मेली, त्यात थोरल्या भावाचा निम्मा कळप होता. दाराची किल्ली नानांच्या करदोट्याला असते हे गावाला ठाऊक होतं. भावाने बोलणं टाकलं ते टाकलंच.

मी एकदा म्हटलं, नाना, हुकूम तर साहेबांचा होता ना.

"हुकूम सायबाचा असंल, ताई. हात माजा व्हता."

त्यानंतर त्यांनी ते दार कधी उघडलं नाही. पुन्हा ओढा नासू द्यायचा नाही, एवढ्या एका गोष्टीवर तो माणूस जगत होता. त्यांना आशा होती, भाऊ कधीतरी हाक मारेल. तसं ते बोलले नाहीत, पण रोज संध्याकाळी कळप परतायच्या वेळी ते कुंपणाशी जाऊन उभे राहायचे.

गेल्या वर्षी परतीच्या पावसाने कहर केला. दुपारपर्यंत तळं काठोकाठ भरलं आणि पाणी चुन्याच्या गोदामाकडे चढू लागलं. हंगामासाठी कळीचा चुना नुकताच आला होता. त्याला पाणी लागलं की तो रटरटून तापतो, आणि भिंतीपलीकडेच चोथ्याचा डोंगर. आग लागली असती तर भर पावसात कारखाना जळाला असता. फोनवर साहेब म्हणाले, दार उघडा, पावसात कोण बघतंय. मी घाबरले होते. खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं, उघडा नाना.

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि फावडं उचललं. तळ्याकडे येणाऱ्या मोठ्या चराचा बांध त्यांनी वरच्या अंगाला फोडला आणि सगळं पाणी गेस्ट हाऊसच्या नव्या लॉनवर सोडलं. पाहुण्यांसाठी जिवापाड वाढवलेली हिरवळ, पांढऱ्या खुर्च्या, कारंजं, सगळं काळ्या पाण्यात गेलं. तिथला वास दिवाळीपर्यंत हटला नाही. चुना कोरडा राहिला. अहवालात मी लिहिलं, दूषित पाणी आवाराबाहेर गेले नाही. खाली सही माझी.

मला शाबासकी मिळाली आणि नानांना, वय झालं म्हणून, घरी बसायला सांगितलं. मी साहेबांसमोर दोन वाक्यं बोलले, तिसरं बोलायची हिंमत झाली नाही. नानांना घर कुठलं? त्यांनी फाटकाबाहेर पत्र्याची खोली घेतली. मी म्हटलं, चला, तुमच्या भावाला मी सांगते काय झालं ते.

"कशापायी सांगायचं? पाणी गेलंच न्हाई, तर सांगायचं काय? त्येला वाटंल, मेंढरांची भरपाई झाली म्हून सांगाय आला."

मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते सोयीचं वाटलं.

थंडीत नाना गेले. तापाचं निमित्त झालं. निरोप मीच पाठवला. थोरले भाऊ काठी टेकत आले आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसले. आत नाना घोंगडीवर निजवलेले. तेव्हा मी सगळं सांगितलं, त्या दुपारचं, फावड्याचं, लॉनचं.

"वढ्याला पूर लई आलता, पर वास न्हवता," थोरले भाऊ म्हणाले. "मेंढरं पोटभर पिली. आमाला वाटलं, तळं औंदा भरलंच न्हाई."

मग आत वळून ते भावाशी बोलले.

"येकदा सांगायचं तरी की, लेका."

ते मला म्हणत नव्हते. तरी मी मान वर करू शकले नाही.