सूपवाली आणि दारवाला

तुझे लाडके लेखक कोण, असं कुणी विचारलं की मी आधी हसते, मग सांगते आणि मग समोरचा माणूस विषय बदलतो. कारण माझे लाडके लेखक ठेकेदार आहेत. दूर कुठल्याशा देशात अंतराळयानावरची एक टीव्ही मालिका आहे. यान कंपनीचं, कप्तानीण कंपनीची, तिच्या अंगावरचा गणवेशसुद्धा कंपनीचा. त्या मालिकेवर कंपनी निरनिराळ्या लेखकांकडून कादंबऱ्या लिहून घेते. आमच्या पांढुर्ण्यात हे कुणालाही चटकन समजावता येतं: बगीचा ठेक्यानं दिलाय. बहार तुझा, संत्री तोड आणि ने, पण झाडाला कुऱ्हाड लावायची नाही.

झाडाला हात लावायचा नाही म्हटल्यावर हे लेखक बारक्या फांद्यांवर जीव ओततात. मालिकेत एकदाच ओझरती दिसलेली एक इंजिनवाली बाई आहे. तिचा नवरा मोहिमेवर जातो आणि परत येत नाही. मालिकेला तिची काही पडलेली नाही, पण दोन लेखकांनी तिच्यावर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. त्यातली एक लेखिका. तिला मी सूपवाली म्हणते, कारण ग्रह फुटो नाहीतर सूर्य विझो, तिच्या पुस्तकात कुणीतरी कुणालातरी गरम सूप वाढतंच. दुसरा दारवाला. यानाचं एक दार उघडायला त्याला चार पानं लागतात. सूपवालीनं इंजिनवालीचं दुसरं लग्न लावून दिलं. दारवाल्यानं ते लग्न झालंच नाही असं धरून तिला वाट बघत बसवलं आणि शेवटी नवऱ्याला परत आणलं. दोन्ही पुस्तकं नागपूरच्या फुटपाथवर शेजारीशेजारी मिळतात. मी अर्थातच सूपवालीची. दारवाल्याचं नाव काढलं तरी माझं डोकं तापायचं.

पण हे तापलेलं डोकं घेऊन जायचं कुठे? पांढुर्णा जिल्हा झाला, कलेक्टर आले, नवनव्या पाट्या लागल्या, पण दारवाल्याला शिव्या घालायला सोबत म्हणून एक माणूस मिळाला नाही. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सुया टोचता टोचता दोनतीन पेशंटना विचारूनही पाहिलं. स्थळं यायची, तेव्हा छंद विचारायचे. वाचन म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कोणत्या परीक्षेची तयारी करून राहिली. म्हणून मी ठरवून टाकलं, यापुढे येईल त्या मुलाला मीच विचारणार.

सौंसरचं स्थळ आलं ते असं. मुलगा वीज खात्यात. त्याच्या घरची एक गोष्ट आमच्या मोठ्या माणसांना माहीत होती. तो लहान असताना त्याचे वडील कामासाठी इटारसीकडे गेले ते परतलेच नाहीत. बरीच वर्षं वाट बघून आईनं पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं. मुलासोबत वडील म्हणून येणारे गृहस्थ ते हे दुसरे. बाबांना यात काही वावगं वाटत नव्हतं. आत्याला खटकत होतं. मला नंतर सांगायचं असं दोघांत ठरलं. मला मुलाचा रक्तगटसुद्धा ठाऊक होता, एवढं मात्र ठाऊक नव्हतं.

तर्री-पोहे बैठकीत आले आणि आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं. जिन्यात आत्या मेथीची जुडी निवडत बसली, म्हणजे लक्ष ठेवायला. मी लगेच विचारलं, काय वाचता. तो कानापर्यंत लाल झाला.

"हसाल तुम्ही," तो म्हणाला. "टीव्हीच्या एका सिरियलवरच्या कादंबऱ्या. अंतराळातल्या."

मी हसले नाही. मी मटकन खाली बसले, ती वाळत घातलेल्या मिरच्यांवर. उठून मालिकेचं नाव विचारलं, तर तीच. मला गच्चीवरून साऱ्या मोहल्ल्याला हाक मारावीशी वाटली. मग आवडता लेखक विचारला आणि त्यानं दारवाल्याचं नाव घेतलं.

आयुष्यात इतक्या आनंदानं मी कधी रागावले नव्हते. इतकी वर्षं साठवलेलं सगळं मी त्याच्या अंगावर ओतलं. तोही काही कमी नव्हता. सूपवालीची माणसं सदा जेवतच असतात, यान चालवतं कोण, असं त्यानं विचारलं. मी दाराची चार पानं काढली. तो म्हणाला, दार नीट उघडलं नाही तर माणूस मरतो. शेवटी गाडी इंजिनवालीवर आली.

"तिनं थांबायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "तो येणार होता."

"किती थांबायचं? बाईनं जन्मभर दाराकडे बघत बसायचं का? दुसरा चांगला माणूस आहे. तिला वेळेवर गरम जेवू घालतो. दुसरं केलं तेच बरोबर केलं तिनं."

जिन्यात मेथी सांडली. आत्या तशीच खाली धावली आणि स्वयंपाकघरात आईच्या कानात म्हणाली, "पोरगी त्याच्या मायच्या पाटावरून त्याच्याशी भांडून राहिली." आत्याचं कानात बोलणं पुढच्या गल्लीपर्यंत जातं, बैठकीचं काय घेऊन बसलात.

आम्ही हसत हसत खाली उतरलो. माझं ठरलं होतं. भांडायला असा माणूस पुन्हा मिळायचा नव्हता, मला हाच हवा होता. पण बैठकीत बाबा फरशीकडे बघत होते. मुलाचे ते वडील गाडीची किल्ली हातात घेऊन दारापाशी उभे होते. त्याची आई तेवढी बसलेली होती.

"बस बाई," ती म्हणाली. "का म्हणत होती तू वरतं? त्या बाईचं?"

मला वाटलं, पुस्तकाचंच विचारतेय. आजवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले आणि हात नाचवत सगळं सांगितलं. यान, इंजिनवाली, परत न आलेला नवरा, मग सूपवालीनं लावलेलं लग्न. शेवटी माझी सगळ्यात आवडती जागा सांगितली. दुसरा नवरा तिला पहिल्याला विसर म्हणत नाही. जेवायला बसताना तो तीन वाट्या मांडतो आणि एक सुपानं भरून तशीच ठेवतो. यायला उशीर झाला असेल म्हणतो.

तिनं पदर डोळ्यांना लावला आणि दारापाशी उभ्या माणसाकडे पाहिलं.

"ह्यायनं त्याचा फोटो कधी भिंतीवरून उतरू नाही देला," ती म्हणाली. "मी म्हणत होती, ठेवा आता काढून. तर म्हणे, राहू दे, पोराचा बाप हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मुलाकडे पाहिलं. तो त्या माणसाकडे बघत होता. फोटो कुणी राहू दिला हे त्यालाही आजच कळलं होतं. दारवाला त्याला इतका का आवडतो हे मला समजलं आणि मला एवढं भरून आलं की दारवाल्याला मी तिथल्या तिथे माफ केलं.

"पोहे थंडे होऊन राहिले," ते गृहस्थ म्हणाले आणि किल्ली खिशात टाकून पुन्हा खाली बसले. आत्यानंच त्यांना वरून तर्री वाढली.

आता मी सौंसरला असते. घरात दोन फळ्या आहेत, एक माझी, एक त्याची, आणि पुस्तकं या फळीवरून त्या फळीवर जात नाहीत. दारवाल्याचं नवं पुस्तक आलं तेव्हा तो संध्याकाळी आईला मराठीतून सांगायला बसला. हरवलेला नवरा पुन्हा एकदा परत आला. दार उघडलं, व्यवस्थित, चार पानांत. पुस्तक संपलं.

"मंग?" सासूबाईंनी विचारलं. "जेवला का तो?"

"ते नाही लिहिलं, आई."

"असं कसं? इतक्या दुरून आला, भुकेला असन. पुढचं त्या सूपवालीले लिहायले सांगा."

तो उठला आणि माझ्या फळीवरून सूपवालीचं पहिलं पुस्तक काढलं. माझे सासरे, ज्यांना तो लहानपणापासून काका म्हणत आला होता, आतल्या खोलीत रेडिओशी खटपट करत होते. त्यानं तिकडे तोंड केलं.

"बाबा, या बाहेर," तो म्हणाला. "सूपवाली सुरू करून राहिलो."