सालवड नावाचा फोन

मंगळवारी सकाळी माझी बायको गेली. बुधवारी तिच्या गाड्या रुळांवर होत्या आणि त्या चालवणारं कोणी नव्हतं.

गाड्या वीतभर लांबीच्या, पण त्यांना खेळणी म्हटलेलं तिला चालत नसे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ती विजेच्या पॅनेलची जोडणी करायची. आतल्या खोलीत प्लायवूडच्या फळ्यांवर तिने रूळ, बोगदा आणि एक स्टेशन मांडलं होतं. इंजिनं चालवायचा तयार कंट्रोलर महाग, म्हणून ती बाजारातून जुने, स्वस्त स्मार्टफोन आणायची. पहिल्या खेपेला मी सोबत होतो. दुकानदार आम्हा दोघांना न्याहाळत राहिला.

"मॅडम, सिम नको, कॅमेरा नसला तरी चालेल म्हणता. मग फोनचं करणार काय?"

"गाडी चालवणार."

"मग लायसन पण काढा," तो म्हणाला.

फोनवरची पट्टी बोटाने वर सरकवली की इंजिनाचा वेग वाढायचा. मध्ये वायर नाही. घरातलं वायफाय आणि खोलीतला एक छोटा संगणक, एवढंच. कुठला फोन जोडलेला आहे ते त्या संगणकाच्या पडद्यावर नावानिशी दिसे. तिचा फोन 'शिरगाव', म्हणजे तिचं माहेर. माझा 'वाचनालय', कारण पालघरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. ("तुमी फोन पण पुस्तकासारखा मांडीवर धरून बसता," ती म्हणे.) तिसरा 'सालवड', तिच्या कारखान्यातल्या मैत्रिणीसाठी इथेच ठेवलेला. ती सालवडला राहते. दर रविवारी यायची, आणि दोघी दुपारभर गाड्या फिरवत बसायच्या.

बायको गेल्यावर नातेवाईक आले आणि गेले. तिच्याबद्दल मनापासून बोलता येईल असं या गावात एकच माणूस उरलं होतं, ती मैत्रीण. तेराव्याला ती आली, आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बसली आणि डोळे पुसत बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीत गेलो. टेबलावर दोनच फोन होते. तिसऱ्याचा चार्जर होता, फोन नव्हता.

मी कपाट पाहिलं, फळ्यांखाली पाहिलं. मग बायकोने भिंतीला चिकटवलेल्या चिठ्ठीप्रमाणे क्रमाने बटणं दाबली आणि गाड्या बघत नुसता बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी हिरवं इंजिन निघालं. दोन्ही फोन माझ्यासमोर बंद पडलेले होते. इंजिन बोगद्यातून बाहेर आलं, स्टेशन ओलांडून गेलं आणि थांबलं. पडद्यावर एकच नाव होतं: सालवड.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माणसांवरचा मात्र त्या क्षणी उडाला.

मी वही घेतली आणि इंजिन हललं की वेळ लिहू लागलो. सव्वातीन. चार वाजून दहा मिनिटं. मैत्रिणीची पहिली पाळी तीनला सुटते. एकदा सकाळी अकरालाही इंजिन हललं, तेव्हा मी ठरवलं की त्या दिवशी तिची रजा असणार. न विचारता फोन नेला हे एक वेळ समजलं असतं. पण मी इथे बसलेला असताना ती तिथून गाडी फिरवते, मला दाखवते की हे सगळं तिचंच होतं, असं मला वाटू लागलं. पुस्तकं परत न करणारे लोक मी आयुष्यभर पाहिले होते. त्यांच्याच रांगेत मी तिला बसवलं.

रविवारी ती पिशवीभर चिकू घेऊन आली.

"भाऊजी, खोली उघडा ना. रूळ पुसायला हवेत. धूळ बसली का इंजिन अडकतं."

"आधी फोन परत करा," मी म्हणालो.

"कुठला फोन?"

"तुम्हाला माहीत आहे. तेराव्याला आत तुम्हीच होतात. आणि रोज तीननंतर इंजिन चालतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरची पर्स उघडून टेबलावर उपडी केली. डबा, कंपनीचं ओळखपत्र, गोळ्यांची पट्टी, कंगवा, रुमाल आणि तिचा स्वतःचा फोन.

"बघा. आणि एवढी पुस्तकं वाचलीत तुमी, तुमाला हे पण ठाऊक नाय? या घरातलं वायफाय जिन्याच्या पायथ्यापलीकडे गेलं का संपतं. ते सालवडला कसं पोचेल?"

वस्तू एकेक करून तिने परत भरल्या. चिकू टेबलावर ठेवून ती गेली.

तिचं शेवटचं वाक्य तासभर डोक्यात राहिलं. मग मी जिना उतरून खाली गेलो. जिन्याखालच्या खोलीच्या पायरीवर इमारतीच्या वॉचमनची बायको बसली होती. तिच्या हातात तो फोन होता.

"काका, यात गानी लागत नाय," ती म्हणाली. "नुसती पट्टी वर-खाली होते. दुपारची पडल्या पडल्या मी सरकवत बसते. बिघडलाय काय?"

"कुणी दिला?"

"तुमीच ना! तेराव्याला काकूंची पर्स दिलीत, तिच्यातच होता. मी म्हनलं, काकांनी आठवन म्हनून दिला."

पर्स मीच दिली होती. ती उघडून आत काय आहे ते बघणं मला त्या दिवशी जमलं नव्हतं. फोन तिच्यात बायकोनेच कधीतरी टाकला असणार. वर काय फिरतं हे तिला ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलं नाही, फोनही मागितला नाही.

संध्याकाळी मी मैत्रिणीला फोन केला. तिने उचलला नाही. दोन दिवसांनी रिक्षाने सालवडला गेलो. तिने खुर्ची दिली, चहा दिला. मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

"असू दे, भाऊजी," ती म्हणाली. "पण तुमी वेळा लिहून ठेवल्यात माझ्या. ती असती तर तिनं आधी मला विचारलं असतं."

निघताना मी रविवारचं विचारलं. "बघू," ती म्हणाली.

त्याला पाच महिने झाले. रूळ मी सुती फडक्याने पुसतो. वळणावर इंजिन अजून अडकतं, ते का हे मला कळत नाही. मैत्रीण आलेली नाही. बायकोबद्दल मी आता कोणाशी बोलत नाही.