पडवीतलं कोर्ट

आमच्या ह्यांच्यावर स्मरणग्रंथ निघायचा आहे, म्हणून गेल्या महिन्यात शहापुरातली चार मंडळी घरी येऊन गेली. त्यांना हवं होतं ते मी दिलं. वकिली कशी सुरू झाली, पहिल्या निवडणुकीत बैलगाडीतून मुरबाड तालुका कसा पालथा घातला, असेंब्लीत कुठल्या रस्त्यासाठी भांडले, बेचाळीसला तुरुंगात कसे गेले. मंडळींनी पोहे खाल्ले, फोटो मागून घेतले. निघताना एकाने विचारलं, "आणि यात तुमचं योगदान काय, काकू?" मी म्हटलं, "स्वयंपाक." त्याला ते इतकं आवडलं की त्याने लगेच लिहून घेतलं.

खरं योगदान सांगितलं असतं तर बिचाऱ्याचं पेन थांबलं असतं. ते मी इथे सांगते. ग्रंथात ते नसलं तरी चालेल, मला मात्र त्यावाचून ह्यांची वकिली आठवताच येत नाही.

तेव्हा आम्ही शहापूरच्या बाजारपेठेत भाड्याच्या घरात राहत होतो. पुढे पडवी, तिथे ह्यांचं टेबल आणि पुस्तकांचं कपाट. पक्षकार बहुतेक मुरबाडकडचे, धसईच्या आसपासचे, काही पार सिद्धगडाच्या पायथ्याचे. पुरुष येऊन भडाभडा बोलत. बायकांचं मात्र अवघड होतं. ह्यांनी काही विचारलं की बाई खांबाआड सरकायची आणि जमिनीकडे बघून मान हलवायची. ती मान होय म्हणते की नाही, हे ब्रह्मदेवाला कळलं तर कळलं. मग हे तिला आत पाठवत. मला म्हणत, "अगं, हिच्याशी जरा बोल. कोर्टात काय काय विचारतील ते विचारून ठेव, म्हणजे ऐन वेळी घाबरायची नाही." आणि दर वेळी बजावत, "आठवण करून द्यायची. शिकवायचं नाही."

हा फरक त्यांना कळत होता. मला तेव्हा कळला नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायची मला इच्छाही नव्हती.

कारण मला ते काम भलतंच आवडायला लागलं. मी मराठी सातवी झालेली, वर्गात पहिली येणारी, आणि सातवीनंतर थेट बोहल्यावर उभी केलेली. इथे मला कुणी तरी विचारत होतं. ह्यांचा एक जुना काळा कोट होता, कोपरात विटलेला. तो मी लुगड्यावर चढवायची, डोक्यावरचा पदर मागे सारायची आणि विरुद्ध बाजूचा वकील व्हायची. बाया आधी तोंडाला पदर लावून हसत. मग मी असा काही आवाज चढवायची की हसू जागच्या जागी विरायचं. हे संध्याकाळी पडवीतून ऐकत आणि म्हणत, "ठाण्याच्या बारमध्ये सुद्धा असा उलटतपास होत नाही." ते ऐकून मी दोन दिवस हवेत असायची.

अशात धसईकडची एक बाई आली. नवरा तापाने गेलेला, कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. भाताच्या आवणीच्या दिवसांत ती माहेरच्या गावी एका बिजवराच्या शेतावर मजुरीला गेली होती. तेवढ्यावरून दिराने बोभाटा केला की हिने त्याच्याशी पाट लावला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्यांच्यात त्याचा विटाळ नव्हता, पण कायदा असा की पाट लावलेली बाई पहिल्या घरची उरत नाही, आणि मूल बापाच्या भावाकडे जाऊ शकतं. दिराने ठाण्याच्या कोर्टात मुलीचा ताबा मागितला होता. बाईला मुलगी हवी होती, बाकी काही नको.

ही बाई खांबाआड गेली नाही. कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. मी कोट चढवला आणि गरजले, "त्या माणसाशी तू पाट लावलास, हे खरं आहे की नाही?"

"त्याच्याशी?" ती म्हणाली, आणि जे हसत सुटली! "बाय, त्याचं तोंड बघितलंय काय तुमी? त्याच्यापरीस त्याचा रेडा बरा दिसतो." कडेवरची पोर पण आईबरोबर हसायला लागली. पडवीत ह्यांनाही हसू आवरेना.

तिथेच मी कोट काढून ठेवायला हवा होता. त्या हसण्यापुढे कुठलाही वकील गार झाला असता. खोटं बोलणारी बाई असं हसूच शकत नाही. पण मला वाटलं, छे, कोर्टात हे शोभेल का? जज्जसाहेब काय म्हणतील? ही बाई उंडगी आहे म्हणतील. आणि मग मी तिला घडवायला घेतलं. कंबरेवरचा हात खाली. पदर कपाळापर्यंत. नजर पायाकडे. आवाज बारीक. "नाही साहेब. मी माझ्या नवऱ्याच्या नावाने दिवस काढते आहे." हे वाक्य माझं. ते तिच्याकडून मी इतक्यांदा म्हणवून घेतलं की पोर झोपेला आली. ती बाई थकून म्हणाली, "आसं कुनी बोलतं काय गो?" मी म्हटलं, "कोर्टात असंच बोलतात." तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मुलीसाठी ती काहीही म्हणायला तयार होती.

ठाण्याला मी हट्टाने गेले. आपला विद्यार्थी परीक्षेला बसलाय आणि आपण घरी बसायचं, हे मला सोसवेना. मागच्या बाकावर मी बसले होते. बाई पिंजऱ्यात आली, कपाळापर्यंत पदर, नजर खाली. प्रश्न झाला आणि तिने माझं वाक्य म्हटलं, एक अक्षर न चुकता. मला अभिमान वाटला. हे लिहिताना आज कान गरम होतात, पण वाटला.

समोरचा वकील म्हातारा होता, वरून अगदी मवाळ. त्याने पाटाचं काही विचारलंच नाही. नुसतं म्हणाला, "छान बोललीस, बाई. हे तुला कोणी शिकवलं?"

हा प्रश्न मी तिला विचारला नव्हता. दुनियाभरचे प्रश्न विचारले होते, हा एक सोडून. ती गोंधळली. मग तिने मान वर केली, मला शोधलं, आणि शपथेवर खरं बोलायचं असतं म्हणून खरं बोलली. हात माझ्याकडे करून म्हणाली, "त्या बसल्यात ना, त्या बाईंनी."

सगळं कोर्ट हसलं. पट्टेवाला सुद्धा. हे उठून काही बोलत होते, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. त्यानंतर बाई आपलं खरं सांगायला गेली, कंबरेवर हात ठेवून, आवाज चढवून, तिच्या पद्धतीने. पण आता ते सुद्धा शिकवल्यासारखंच वाटायला लागलं. निकालात आलं की साक्ष पढवलेली आहे, तीवर भरवसा ठेवता येत नाही. मुलगी दिराकडे गेली.

ह्यांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही. दुखवलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. ते फक्त त्या दिवसापासून बायकांना आत पाठवायचे थांबले. तो कोट मी फाडला आणि गोधडीत घातला. मनाशी ठरवलं, मेलं तरी कुणाला काही शिकवायचं नाही.

पुढे सदतीसची निवडणूक आली आणि हे उभे राहिले. आमदार हा शब्द तेव्हा आमच्या भागात रुळला नव्हता, लोक मेंबर म्हणत. मेंबर व्हायचं तर गावोगावची वजनदार माणसं हवीत, आणि धसईकडचा वजनदार माणूस म्हणजे तोच दीर. तो आमच्या पडवीत येऊन बसला. मी आत भांडी आपटायला लागले. हे आत येऊन हळूच म्हणाले, "तो कोर्टात विरुद्ध होता. कोर्ट संपलं. आता माणूस कायमचा टाकायचा का?" पुढाऱ्याचं ते बरोबरच असेल. पण त्याच्या मतांनी आम्ही निवडून आलो, ही गोष्ट मी आजवर गिळू शकलेले नाही.

निकालानंतर तो बायकोला घेऊन पेढे द्यायला आला. सोबत ती मुलगी. चार वर्षांची, काजळ घातलेली, अंगात नवीन परकर-पोलकं. मी लाडू पुढे केला तर ती चुलतीच्या पाठीमागे लपली. "आये, घेऊ?" असं तिने चुलतीला विचारलं. चुलतीने तिचं नाक पुसलं आणि म्हणाली, "घे गो, बाय देतायत ना." वाईट बाई नव्हती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

मग लढाई लागली, मंत्रिमंडळं गेली, हे तुरुंगात जाऊन आले. मेंबर म्हणायचं लोकांनी काही सोडलं नाही. उलट तुरुंगामुळे वजन वाढलं. कोर्टात जाण्यापेक्षा लोक भांडणं घेऊन आमच्या पडवीत येत आणि ह्यांचा शब्द मानत.

अशातच तो दीर वारला. बाईने गावापुढे पदर पसरला की आता तरी माझी पोर मला द्या. चुलती म्हणाली, पोरीला विचारा, ती म्हणेल ते मला कबूल. गावाने ठरवलं की मेंबरसाहेबांसमोर विचारायचं. म्हणून एका सकाळी गाडीतून गावची दोन म्हातारी माणसं, ती बाई आणि ती मुलगी अशी आमच्याकडे उतरली. हे ठाण्याला गेले होते, संध्याकाळच्या गाडीने यायचे होते. म्हातारे बाजार बघायला गेले आणि मायलेकी माझ्याकडे राहिल्या.

बाई वाळली होती. पण कंबरेवरचा हात तसाच. तिने इकडेतिकडे बघितलं आणि पहिलं काय विचारलं, तर "तो काला कोट कुठं हाय?"

"गोधडीत गेला."

"मंग बिनकोटाचं इचारा तिला. सांच्याला साहेब इचारतील तसं."

मला नको होतं. पण मी विचारलं, अगदी साध्या आवाजात. "बाळ, तुला कुणाकडे राहायचंय?"

"आयेकडं," मुलगी म्हणाली. बाईचा चेहरा असा उजळला की मी नजर वळवली, कारण मला लाडवाचा दिवस आठवत होता. मुलीलाही आईचा चेहरा दिसला असावा. ती चांगली दहा-अकरा वर्षांची जाण असलेली पोर होती. घाईने म्हणाली, "ही नाय. घरची."

बाईने तिला मागच्या दारी अबोली बघायला पाठवलं. मग माझ्याजवळ येऊन बसली. "शिकवा तिला," ती म्हणाली. "संध्याकाळला येळ हाय अजून. तुमी बोललात का ती आयकंल. नुसतं माज्याकडं येते म्हनाय शिकवा. एकदा माज्या घरी आली का मंग मी हाय ना."

मी म्हटलं, "नाही. तुझ्या वेळेपासून मी कुणाला शिकवत नाही. पोरीच्या मनात असेल ते तिला बोलू दे."

हे म्हणताना मला, देवाशपथ, बरं वाटलं. इतक्या वर्षांनी आपण शहाणपणाने वागतोय, काही तरी फेडतोय, असं वाटलं.

ती आवाज न चढवता म्हणाली, "मला शिकवाय नको होतं, तवा शिकवलंत. हिला शिकवाय पायजे, तर नाय म्हनता."

मग तिने थोडं तेल आणि फणी मागितली. मुलीला पुढ्यात घेऊन तिचे केस विंचरले, गुंता एकेक करून सोडवला, घट्ट वेणी घातली, वेणीत माझ्या दारची अबोली. मुलगी चुळबुळ न करता बसली.

संध्याकाळी हे आले. हातपाय धुऊन पडवीत बसले, म्हातारे समोर, मी दारात चहाचं तबक घेऊन. ह्यांनी मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं. मुलीने सकाळचंच उत्तर दिलं, चुलतीकडे राहायचंय म्हणून. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पण हे जुने वकील, इतक्यावर कसे थांबणार? मवाळ आवाजात म्हणाले, "बाळ, हे तुला कोणी शिकवलं?"

"नाय," मुलगी म्हणाली. "कुनीच नाय शिकवलं."

ह्यांनी वर बघितलं, माझ्याकडे, आणि समाधानाने मान हलवली. ठाण्याच्या त्या दिवसानंतर असे ते माझ्याकडे पहिल्यांदाच बघत होते. मी चहा दिला.

म्हातारे गाडी जुंपायला उठले. मुलगी पळत जाऊन आधीच गाडीत बसली. बाई निघाली, आणि उंबऱ्याशी थांबली, कारण माझी फणी तिच्याच हातात राहिली होती. फणीच्या दातांत मुलीचे केस अडकले होते. ते तिने सावकाश काढले, बोटाला गुंडाळून पदराच्या गाठीत बांधले, आणि मग फणी मला परत दिली.