फोटोत भेग दिसेना

मी पूर्णगडचा. हवालदार म्हणून निवृत्त झालो. गावातल्या लग्नात कोणी कॅमेरा हातात दिला, तर मी तो शेजारच्याकडे देतो. लोकांना तो शिष्टपणा वाटतो. खरं कारण एकदा लिहून टाकतो.

शेवटच्या पोस्टिंगला आम्ही नऊ जण बर्फातल्या एका पोस्टवर होतो. साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज, सहाला रेडिओवर रिपोर्ट, मग तंबूवरचं बर्फ काढायचं. माझ्या हाताखाली नायक महादेव घाडी होता. राजापूर तालुक्यातला, म्हणजे तिथे आमच्या घरचाच. जानेवारीत त्याला तंबूंच्या वरच्या उतारावर भेग दिसली. उतार तंबूंवर कोसळेल, पोस्ट हलवावी, असं मी कळवलं.

कंपनी कमांडरचं उत्तर आलं, "फोटो पाठवा. ओव्हर."

त्यांचं चुकलं नव्हतं. पोस्ट सोडणं लहान निर्णय नसतो आणि ढगांमुळे हेलिकॉप्टर येत नव्हतं.

पोस्टवर एक डिजिटल कॅमेरा होता. तापमान उणे पंचवीस. भरलेली बॅटरी चार फोटोंत संपायची. तंबूत आणला की लेन्सवर वाफ धरायची, बाहेर नेला की तिचं बर्फ व्हायचं. हातमोजा घालून बटण दाबता येईना, मोजा काढला की बोटं बधिर. जादा बॅटऱ्या महादेव काखेत ठेवायचा. म्हणायचा, "दादा, अंडी उबवतोय मी."

गस्तीच्या तुकडीबरोबर कॅमेऱ्याचं कार्ड खाली गेलं. दोन दिवसांनी रेडिओ आला, "नुसतं पांढरं दिसतंय. पुन्हा पाठवा."

पुन्हा पाठवले. आणखी दोन दिवस गेले.

"भेग दिसते. रुंदी कळत नाही. ओव्हर."

मी हँडसेट आपटला. नोकरीत पहिल्यांदाच.

"शेजारी माणूस उभा राहिला तर रुंदी कळेल," मी म्हणालो.

"मी राहतो," महादेव म्हणाला.

"तू कॅमेरा घे. मी जातो."

"मला कुठे येतो तो? माझ्या फोटोत माणसांची डोकी उडतात, दादा."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला तो वर गेला. कमरेला दोर, दुसरं टोक खडकामागे दोन जवानांच्या हातात. ऊन तिरपं होतं, भेगेत सावली पडली होती. मी दोन फोटो काढले आणि बॅटरी गेली. स्क्रीन काळी झाली. फोटो कसे आलेत, बघता येईना.

"थांब जरा!" मी ओरडलो.

"थांबलोय!"

मी मोजा काढला. नवी बॅटरी बोटांतून निसटून बर्फात पडली. मी शिव्या देत ती शोधत होतो, तेवढ्यात उतार तुटला. तो आवाज मला सांगता येणार नाही. मान वर केली तेव्हा महादेव दिसत नव्हता.

दोर तुटला नव्हता. त्याच्या मागाने आम्ही खणत गेलो. अठरा मिनिटांनी तो सापडला. श्वास नव्हता. एक तास छाती दाबत राहिलो. मग मी रेडिओवर कळवलं.

"पोस्ट हलवा. ताबडतोब," कमांडर म्हणाले. फोटोचं त्यांनी विचारलं नाही.

खाली आल्यावर मी कार्ड बघितलं. दोन्ही फोटो स्वच्छ होते. भेग, तिची रुंदी, महादेव, सगळं दिसत होतं. तिसऱ्या फोटोची गरज नव्हती.

सुट्टीत मी राजापूरला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. बॅटरीचं, मी थांब म्हटल्याचं.

"हे सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं, भाऊजी."

"म्हणून सांगितलं."

ती उठून आत गेली. परत आली ती पाणी घेऊन. "जेवून जा," म्हणाली. मी जेवलो.

आम्ही तंबू हलवल्यावर चौथ्या दिवशी उरलेला उतार कोसळला. जुन्या जागेवर पुरुषभर बर्फ साचलं. तिथे कोणी नव्हतं. आम्ही आठही जण घरी परतलो. ती भेग पहिल्यांदा नायक महादेव घाडीने पाहिली होती.