नुन्झिया मावशीचा नकार

अमेरिकेतल्या बफेलो शहरात सिसिलीहून आलेल्यांच्या गल्ल्या काही कमी नाहीत, पण संत जोझेफच्या सणाला आमच्या नुन्झिया मावशीचा नकार ऐकायला पलीकडच्या वस्तीतनं माणसं यायची. उगाच फुशारकी मारत नाही मी.

रीत अशी की जोझेफ, मरिया आणि बाळ येशू झालेली पोरं दारोदार जागा मागतात. पहिलं दार नाही म्हणतं, दुसरंही नाही म्हणतं, तिसरं उघडतं आणि तिथल्या पंगतीला अख्खी गल्ली जेवते. त्या दिवशी कुणाला उपाशी परत पाठवणं म्हणजे पापच. दुसरं दार मावशीचं. एरवी कारखान्यात मुकाट्यानं डबे भरणारी ही विधवा बाई त्या दिवशी कमरेवर हात ठेवून अशी कडाडायची, की खऱ्या जोझेफनंही गाढव माघारी वळवलं असतं.

त्या वर्षी दार जरा लवकरच वाजलं. बाहेर एक माणूस, त्याची बायको आणि तिच्या कडेवर तान्हं.

"मावशी, आजच्यापुरती जागा मिळेल का?"

मावशीला वाटलं, यंदा मोठी माणसं उभी केलीत. "धर्मशाळा वाटली का ही? चला, पुढचं दार बघा!" आम्ही टाळ्या पिटल्या. ती दोघं मान खाली घालून गेली.

तेवढ्यात कोपऱ्यावरनं दाढी चिकटवलेला जोझेफ आणि त्याची मंडळी आली. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग ती कोण होती गं?" तिनं मला विचारलं. "आजच्या दिवशी तान्ह्या लेकराला हाकललं मी?"

ॲप्रनसकट ती पळत सुटली, मी तिच्या मागे. स्टेशनच्या वाटेवर पुलाखाली बसली होती बिचारी. लिबोरिओ आणि त्याची बायको, नुकतीच सिसिलीहून आलेली. ज्याच्या भरवशावर आली तो चुलता शहर सोडून गेला होता.

"राहू द्या मावशी, तुम्ही सांगितलंत की स्पष्ट," बायको म्हणाली.

"अगं, ते नाटक होतं. ऊठ. सणाची शपथ आहे तुला."

परतलो तर पोरं दारातच गारठत उभी. तिसऱ्या घरची सारिना तिकडनं ओरडली, "मावशी, नाही म्हणून टाक बाई, माझा पास्ता गार होतोय!"

मावशीनं पाहुण्यांना आत बसवलं, दारात आली, कमरेवर हात ठेवले. आत तान्हं रडत होतं. तिनं कमरेवरचे हात खाली सोडले. ती बाजूला सरली. "या रे पोरांनो. जागा आहे."

"आणि माझ्या पंगतीचं काय? आठवडाभर राबतेय मी," सारिना तणतणली.

"उचल आणि आण इकडे."

शिव्या घालत का होईना, पहिलं पातेलं सारिनानंच उचललं. मग पाव, मासे, बाकं, सगळी गल्ली वाहून आणत होती. मावशीच्या दोन खोल्यांत मावेना तेव्हा लोक जिन्यावर बसून जेवले. आम्हाला भांडखोर म्हणतात लोक. आहोतच. पण त्या दिवशी माझा ऊर अभिमानानं भरून आला होता.

पुढच्या सणाआधी पाद्रीबुवा मावशीला समजवायला आले. रीत मोडू नये, म्हणाले.

"मोडत नाही, फादर," मावशी म्हणाली. "दुसरं दार दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला आता ते जमायचं नाही."